कार्डावरचे एकशे दहा

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे, असं तिला वाटतं. कॉलेजात दोनदा नापास झालेला पेपर, लग्नाआधीची एक फजिती, सासऱ्यांच्या स्कूटरला मी आणलेला पोचा — सगळं. हे माहीत नाही. आईला कधी कळलं नाही, मित्रांना नाही, आणि ज्या बाईंना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात धाडस वगैरे काही नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंदूरला, सुदामा नगरात माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे आणि सकाळी मी लोकांच्या घरी जातो. बहुतेक सगळे गुडघ्याचे पेशंट. आमच्या इथले एक सर्जन — मी त्यांना नुसतं सर म्हणतो, इथेही तेवढंच पुरे — दुर्बिणीतून गुडघ्याची ऑपरेशनं करतात. दोन-तीन बारीक भोकं, एकातून कॅमेरा, दुसऱ्यातून अवजार, आत फाटलेलं शिवायचं, बाहेर दोन-तीन टाके. पेशंट दुसऱ्या दिवशी घरी. जखम एवढीशी दिसते की लोकांना वाटतं, सुटलो. पण ऑपरेशननंतर गुडघा आखडतो, आतल्या आत चिकटत जातो. त्याला रोज थोडा थोडा वाकवावा लागतो, आणि ते दुखतं. ते काम माझं.

प्रत्येक पेशंटचं एक पिवळं कार्ड असतं. दर खेपेला गुडघ्याच्या बाजूला कोन मोजायची प्लास्टिकची पट्टी लावायची आणि गुडघा किती अंशांत वाकला ते कार्डावर लिहायचं. सरळ पाय म्हणजे शून्य. काटकोन म्हणजे नव्वद. जमिनीवर नीट बसायचं तर एकशे वीस-तीस तरी हवेत. शनिवारच्या ओपीडीत सर ती कार्डं बघायचे. ज्याच्या कार्डावरचे आकडे भराभर चढायचे, त्या फिजिओकडे पुढचा पेशंट जायचा. माझी कार्डं सरांना फार आवडत.

आणि पेशंटना माझा हात आवडायचा. नितीनभियाचा हात मऊ आहे, दुखवत नाहीत — हे माझ्याबद्दल अर्ध्या कॉलनीत बोललं जायचं, अजूनही जातं; भिया म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भाऊ. मला ते ऐकायला इतकं आवडायचं! तुम्हाला वाटेल, यात वाईट काय? मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. कुणी कळवळलं की माझा हात आपोआप थांबायचा. मी त्याला दया म्हणायचो. आज विचारलंत तर म्हणेन, लोकांनी माझ्यावर नाराज व्हावं हे मला सोसत नव्हतं. एवढंच ते होतं.

शैलजाताई आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या वेळी सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या, पण लोक त्यांना ओळखायचे ते रांगोळीमुळे. पाडव्याच्या पहाटे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांसमोर, म्हणजे होळकरांच्या समाध्यांसमोर, त्या रांगोळी घालायच्या, बैलगाडी मावेल एवढी. खडूची रेघ नाही, दोरी नाही, ठिपके नाहीत. उकिडवं बसायचं, चिमटीतून रांगोळी सोडायची आणि मागे मागे सरकत जायचं. चार-चार तास. मी लहान असल्यापासून पोह्यांचा दोना हातात धरून ते बघत उभा राहिलेलो आहे. कोन इतके बरोबर यायचे की इंजिनिअरिंगला असलेल्या एका मित्रानं एकदा गंमत म्हणून मोजले होते. चुकलेला एकही सापडला नाही.

अशाच एका पाडव्याला उकिडव्या बसून उठताना त्यांच्या उजव्या गुडघ्यात कट्ट झालं. आतली गादी फाटली होती. सरांनी दुर्बिणीतून ती शिवली, उत्तम शिवली. ऑपरेशनआधी शैलजाताईंनी त्यांना एकच विचारलं होतं, जमिनीवर बसता येईल ना? सर म्हणाले होते, उकिडवं तासन् तास नको, पण सहा महिन्यांनी पाय दुमडून जमिनीवर बसाल, रांगोळी घालाल. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, बाकी यांच्या हातात.

आता ते सांगतो. सांगतोच आहे — पण थोडं थांबून थांबून येतंय, समजून घ्या.

पहिले सहा आठवडे आतले टाके जपायचे म्हणून नव्वदच्या पुढे न्यायचं नव्हतं. पण नव्वदपर्यंत न्यायचंच होतं. तिसऱ्या आठवड्यात साठ झाले. चौथ्यात पासष्ट. पाचव्या आठवड्यात मी एका सकाळी गेलो, तर पासष्टवर गुडघा अडला. थोडा दाब दिला. त्यांनी माझं मनगट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं, आणि म्हणाल्या, आज बस ना भिया. मी थांबलो. त्यांचे यजमान अरुणराव चहा घेऊन आले. आम्ही मराठीत गप्पा मारल्या — दिवसभर हिंदीत बोलून आलेल्या माणसाला ते फार बरं वाटतं — आणि निघताना मी कार्ड काढलं. पट्टी बॅगेतच होती. ती मी बाहेर काढली नाही. नजरेच्या अंदाजानं पंचाहत्तर लिहिलं.

नजरेच्या अंदाजानं? पंधरा वर्षं गुडघे बघत होतो मी. माझी नजर दहा अंशांनी चुकत नाही. मला माहीत होतं.

दहा अंश! किती क्षुल्लक वाटतं ना? मलाही वाटलं, दोन दिवसांत भरून काढू. पण एकदा पंचाहत्तर लिहिल्यावर पुढच्या खेपेला पासष्ट कसं लिहिणार? सर विचारणार, उतरला कसा? म्हणून ऐंशी लिहिलं. मग पंच्याऐंशी. सहाव्या आठवड्याला नव्वद लिहून टाकलं. सरांनी कार्ड पाहिलं, टाक्यांच्या खुणा पाहिल्या, बढिया म्हणाले आणि ऑपरेशनला निघून गेले. तेव्हापासून शैलजाताईंचे दोन गुडघे झाले. एक कार्डावरचा, तो दर आठवड्याला चढत होता. दुसरा पलंगावर माझ्या हातात होता, आणि तो सत्तरच्या पुढे जात नव्हता.

मग जोर का लावला नाही? लावला, एकदा. त्या ओरडल्या आणि मी हात काढून घेतला. सरांना का नाही सांगितलं? सांगायचं तर कार्डाचं काय झालं तेही सांगावं लागलं असतं. दर सकाळी ठरवायचो, आज खरं मोजू, खरं लिहू, जे होईल ते होईल. दर सकाळी चहा पिऊन बाहेर पडायचो. मी कुणाच्या तरी दुसऱ्याच्या हातून घडणारी गोष्ट बघत उभा आहे, असं वाटायचं. पण हात माझेच होते.

याच्यापुढचं लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. आठव्या आठवड्यात शैलजाताईंनी कार्ड हातात घेतलं, आपल्या गुडघ्याकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं. म्हणाल्या, "भिया, नव्वद म्हणजे काटकोन ना? मला हा काटकोन दिसत नाही हो."

त्यांना दिसणारच होतं. आयुष्यभर रिकाम्या हातानं कोन काढलेली बाई ती. कार्डावर तेव्हा पंच्याण्णव होतं.

मी काय म्हणालो असेन? मी हसून म्हणालो, ताई, रांगोळीचा कोन वेगळा आणि हाडांचा वेगळा; आम्ही आतल्या हाडावरून मोजतो, बाहेरून तो कमीच दिसतो. ऐकायला अगदी खरं वाटेल असं बोललो. त्यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, हो का, मला काय कळतंय त्यातलं. आणि कार्ड टीव्हीखाली ठेवून दिलं. त्या दिवसानंतर त्यांनी पुन्हा कधी कोन विचारला नाही.

दहाव्या आठवड्यात ओपीडी होती. मी बरोबर गेलो होतो. कार्डावर एकशे दहा होते. सरांनी या वेळी स्वतः पाय हातात घेतला आणि वाकवला. सत्तरला अडला. सरांनी भुवया वर केल्या, कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं. बाहेर पंचवीस पेशंट बसले होते. मला म्हणाले, "नितीनजी, ये तो सत्तर पे रुक रहा है. एक सौ दस कब था?"

मी दारात उभा होतो. आता बोललो असतो तर वेळ होती — हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून सांगतो. तीन महिन्यांच्या आत असा गुडघा भूल देऊन सोडवता येतो, आतली चिकटलेली जाळी दुर्बिणीतून कापता येते, आणि तो पुष्कळदा पूर्ववत होतो. सर हे दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं करतात. माझं एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "कल शाम को ही था सर. आज डर गई हैं. ऑटो में आई हैं, थोडी सूजन भी है."

सरांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, दहा वर्षांचा. ताईंच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, डरना नहीं, नितीनजी के हाथ से करवाते रहो. आणि पुढचा पेशंट. ताई माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसल्या. आपल्या घाबरण्यामुळे माझी पंचाईत झाली, असं त्यांना वाटलं होतं.

त्यानंतर मी खरंच जोर लावू लागलो. रोज जायचो, दोनदा जायचो. त्या ओरडायच्या आणि मी थांबायचो नाही. पण आतलं सगळं घट्ट झालं होतं. सत्तरचे बहात्तर झाले असतील. घरचा व्यायामही त्या अगदी नेमानं करत होत्या. सकाळी ऑफिसला जायच्या आधी अरुणराव पेपर घेऊन समोर बसायचे आणि मोठ्यानं मोजायचे, एक, दोन, तीन. मी जिना चढताना ते आकडे ऐकू यायचे. एकही दिवस चुकला नाही, याचा साक्षीदार मीच आहे.

सहाव्या महिन्यात पाय तसाच. सरांनी भूल देऊन प्रयत्न केला. दुर्बीण पुन्हा घातली, जेवढं सुटलं तेवढं सोडवलं. पंच्याऐंशी मिळाले. याहून जोर लावला तर हाड मोडेल, म्हणाले. नंतरच्या ओपीडीत शैलजाताई टेबलावर पाय लांब करून पडल्या होत्या, अरुणराव उशाशी उभे होते, आणि सर कार्ड उलटसुलट करून बघत होते. दस हफ्ते में एक सौ दस था, म्हणाले, फिर गया कहाँ? हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

आणि मी — ज्या बाईंच्या घरचा रोज चहा पीत होतो त्यांच्या देखत — म्हणालो, "घर पे एक्सरसाइज छूट गई होगी, सर."

हेच ते. आकडे खोटे लिहिले, ते एक. पण एवढी वर्षं जे कुणाला सांगितलं नाही ते हे वाक्य आहे.

अरुणराव गोंधळले. म्हणाले, अहो पण मी तर मोजायचो. मग थांबले, बायकोकडे बघितलं. मी ऑफिसला गेल्यावर दुपारचा करत नव्हतीस का गं, म्हणाले. मला वाटलं, आता त्या बोलतील. बोलाव्यात, असंही आतून कुठेतरी वाटलं. त्या छताकडे बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "हो. कधी कधी राहून जायचं."

राहून जात नव्हतं. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असणार. पण डॉक्टर म्हणतात, भिया म्हणतात, कार्ड म्हणतंय — मग आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं त्यांनी मान्य करून टाकलं. कोनाच्या बाबतीत मी त्यांना एकदा शिकवलंच होतं ना, की स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही?

त्याला सहा वर्षं झाली. पंच्याऐंशीत खुर्चीवर बसता येतं, चालता येतं, जिना एक-एक पायरी उतरता येतो. जमिनीवर बसता येत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी उभ्यानं वाकून बघितलं, कंबर धरली. टेबलावर पाट मांडून बघितलं, रेघ जाड पडायची, त्यांनी पुसून टाकली. आता पाडव्याला छत्र्यांसमोर त्यांच्या शाळेतल्या मुली रांगोळी घालतात आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, उजवा पाय पुढे काढून, बसून सांगतात. मुली बऱ्या काढतात. खडूनं आधी रेघा मारून घेतात. एका वर्षी मी तिथे गेलो होतो, तर कुणीतरी विचारलं, ताई, तुम्ही का नाही घालत? त्या म्हणाल्या, ऑपरेशन झालं, मग मी आळस केला आणि पाय घालवून बसले. वर माझ्याकडे हात करून म्हणाल्या, या बिचाऱ्यानं फार मेहनत घेतली हो, मीच कमी पडले. लोकांनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मी पोहे खात होतो. खातच राहिलो.

सांगायची संधी नव्हती, असं नाही. सहा वर्षांत शेकडो संधी. महूला त्यांच्या मुलीच्या लग्नात मी तीन तास त्यांच्या शेजारी बसलो होतो. सरांचा विश्वास जाईल, नाव जाईल, घर कसं चालेल, याची भीती होती. नंतर नंतर तर तीही उरली नाही, आता सांगून पाय थोडाच वाकणार आहे, असं वाटू लागलं. पाय वाकणार नव्हता, पण त्यांचा अपराध त्यांच्या डोक्यावरून उतरला असता. मी तो उतरवला नाही. तो माझ्या सोयीचा होता.

दोन महिन्यांपूर्वी त्या माझ्या क्लिनिकमध्ये आल्या. आता डावा गुडघा. इतकी वर्षं दोन्ही पायांचा भार एकट्यानं घेऊन त्याचीही गादी गेली होती. सर पुन्हा दुर्बिणीतूनच शिवणार होते. त्यांनी सरांना आधीच सांगून टाकलं होतं की फिजिओ नितीनभियाच करणार. मी म्हणालो, ताई, माझ्याकडे आता वेळ कमी असतो, दुसरा चांगला माणूस देतो. मला वाटलं, निदान एवढं तरी करावं. त्यांचा चेहरा पडला. हातातली फाइल नीट करत म्हणाल्या, "मागच्या वेळचं मनात आहे ना तुमच्या? या वेळी एकही दिवस चुकवणार नाही, भिया. खरंच."

तेव्हा तरी? नाही. मी म्हणालो, तसं काही नाही ताई, येतो मीच.

ऑपरेशन झालं. मागच्या आठवड्यापासून जातोय. पट्टी लावून मोजतो. तीस आले, तीस लिहिले. काल चाळीस आले, चाळीस लिहिले. त्या ओरडतात, मी थांबत नाही. याला प्रायश्चित्त वगैरे म्हणू नका. हे माझं रोजचं काम आहे, सहा वर्षांपूर्वीही होतं.

काल मी कार्ड बॅगेत ठेवत होतो तेव्हा त्यांनी उशीखालून ड्रॉइंगचा एक मोठा कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं चौकोन आखले होते. पट्टीशिवाय, पण एकसारखे. तीन महिन्यांचे दिवस, प्रत्येक दिवसाचे तीन व्यायाम. म्हणाल्या, मी केला की तुम्ही रोज इथे सही करायची. म्हणजे मग मला कबूल करायला लागणार नाही की राहून गेला, आणि तुम्हालाही सरांपुढे खाली मान घालावी लागणार नाही. अरुणराव आतून पेन घेऊन आले.

पहिल्या चौकोनात मी सही केली.